संगणकाची भाजणी

दिवाळीच्या फराळात सुगरणीची खरी परीक्षा पाहते ती चकली. लाडू थोडा सैल झाला तरी खपून जातो, शंकरपाळे कडक झाले तर चहात बुडवता येते. पण चकलीचे मोहन जास्त झाले की ती तेलात विरघळते, आणि कमी पडले की दाताखाली दगड होते! म्हणूनच आपल्या आयाआज्यांनी भाजणीचे प्रमाण वाटीने ठरवून ठेवले, आणि सगळा घाणा एकदम न टाकता पहिली एकच चकली तेलात सोडून पाहण्याचा रिवाज घातला. वाचकांना नवल वाटेल, पण जगातील मोठमोठ्या संगणक-कंपन्यांना हाच रिवाज शिकताना काही दशके घालवावी लागली, आणि तो अजूनही सर्वांच्या अंगवळणी पडलेला नाही.

मी महाविद्यालयात मराठी शिकवते. संगणकाशी माझा संबंध मुलांचे गुण भरण्यापुरताच. परंतु पनवेलमध्ये राहून या धंद्याकडे डोळेझाक करणे कठीण. सकाळी ठाण्याकडे जाणाऱ्या गाडीत पाठीला पिशवी लावलेली कितीतरी तरुण मंडळी चढतात आणि घणसोली, रबाळे, ऐरोली येथे उतरतात. माझा भाचा त्यांपैकीच एक. त्याला मी एकदा विचारले, “अरे, दिवसभर तुम्ही करता तरी काय?”

“मावशी, लिहितो थोडे आणि तपासतो फार,” तो म्हणाला.

हे उत्तर ऐकून माझ्यातील शिक्षिका जागी झाली. म्हणजे हाही लिहिण्याचाच व्यवसाय! फरक इतकाच की, आमच्या लेखनात अनुस्वार चुकला तर वाचक हसतो. यांच्या लेखनात बिंदू चुकला तर विमान जमिनीवर राहते.

चुकीची किंमत

हे अतिशयोक्तीने म्हणत नाही. ४ जून १९९६ रोजी युरोपचे ‘एरियान-५’ हे अग्निबाण पहिल्याच उड्डाणात सुमारे चाळीस सेकंदांत नष्ट झाले. का? तर ‘एरियान-४’साठी लिहिलेली आज्ञावली त्यात तशीच घेतली होती. नव्या बाणाचा वेग अधिक. त्यामुळे एक आकडा ठरलेल्या जागेत मावेना. जुने लेखन जुन्या बाणासाठी बिनचूक होते. नव्या मार्गावर ते तपासून कोणी पाहिले नाही. पुढे १९९९ साली मंगळाकडे निघालेले अमेरिकेचे यान हरवले. कारण एका संघाने मोजमाप इंग्रजी मापात दिले आणि दुसऱ्याने ते मेट्रिक समजून वापरले. एक वाटी म्हणजे कोणती वाटी, हे स्वयंपाकघरात आधी ठरवावे लागते, तेच हे.

या दुखण्याची जाणीव तशी जुनी. १९६८ साली जर्मनीतील गार्मिश येथे तज्ज्ञांची परिषद भरली आणि आज्ञावली वेळेत, खर्चात आणि बिनचूक का होत नाहीत, याचा तेथे उघड ऊहापोह झाला. औषध सुचायला मात्र वेळ लागला. आय.बी.एम. कंपनीत उभी हयात घालवलेले वॉट्स हम्फ्री हे गृहस्थ १९८६ साली पिट्सबर्गच्या कार्नेगी मेलन विद्यापीठातील संस्थेत आले आणि त्यांनी पाच पायऱ्यांची एक शिडी मांडली. पहिल्या पायरीवर सगळे काम एखाद्या हुशार माणसाच्या जिवावर चालते. दुसरीवर एकदा साधलेले काम पुन्हा साधता येते. तिसरीवर ती पद्धत लिहून सर्व संस्थेची होते. चौथीवर चुका मोजल्या जातात. पाचवीवर त्या मोजमापावरून पद्धतच सुधारली जाते.

आम्हा पनवेलकरांना यातील मर्म समजायला लांब जावे लागत नाही. १८७२ साली वैद्य कृष्णशास्त्री पुराणिकांनी येथे धूतपापेश्वर औषध कारखाना काढला. वैद्याच्या हाताच्या गुणावर चालणारे औषध कारखान्यात करायचे, तर प्रत्येक खेपेला तेच द्रव्य, तेच प्रमाण आणि तोच पाक हवा. हाताचा गुण पद्धतीत उतरवणे, हीच ती तिसरी पायरी!

मुंबई-पुण्याचा वाटा

ज्या वर्षी गार्मिशची परिषद भरली, त्याच १९६८ साली मुंबईत टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेस सुरू झाली. तिची धुरा वाहिली फकीरचंद कोहली या विद्युत अभियंत्याने. १९८१ साली टाटांनी पुण्यात संशोधन केंद्र काढले. इन्फोसिसचा जन्मही त्याच वर्षी पुण्यातच झाला. पुढे हम्फ्रींच्या शिडीची पाचवी पायरी गाठणाऱ्यांत भारतीय कंपन्यांचा फार मोठा वाटा राहिला.

आपल्याच लोकांना पद्धतीची एवढी ओढ का? माझ्या मते याचे कारण अगदी व्यावहारिक आहे. गिऱ्हाईक सातासमुद्रापलीकडे. त्याने आपले तोंड पाहिलेले नाही, आपले कार्यालय पाहिलेले नाही. अशा वेळी ‘आम्ही हुशार आहोत’ हे सांगून भागत नाही. ‘आम्ही असे काम करतो, आणि दर वेळी असेच करतो’ हे दाखवावे लागते. लिखित पद्धत हीच आपली ओळखचिठ्ठी झाली.

एकदम सगळा घाणा

आणि तरीही १९ जुलै २०२४ उजाडलाच. क्राउडस्ट्राइक या संगणक-सुरक्षा कंपनीने पाठवलेल्या एका सदोष सुधारणेने जगभरातील सुमारे ८५ लाख संगणक बंद पाडले. आपल्याकडेही विमानतळांवर प्रवाशांना हाताने लिहिलेले पास मिळाले. सव्वा तासाच्या आसपास कंपनीने चूक मागे घेतली. पण अडकलेले संगणक बहुधा एकेक करून, माणसे बसवून सोडवावे लागले. सुधारणा आधी थोड्यांना, मग अधिकांना, अशी टप्प्याटप्प्याने न देता एकाच वेळी सगळीकडे गेली होती. पहिली चकली तळून न पाहता सगळा घाणा तेलात! आता तर पनवेलच्या उंबऱ्यावर, उलव्याला विमानतळ झाला आहे; ही गोष्ट आपल्याला परकी राहिलेली नाही.

पण पद्धतीचेही सोवळे होऊ शकते. कागद भरले की काम झाले, असे वाटू लागते. या कर्मकांडाला कंटाळूनच २००१ साली अमेरिकेत सतरा जाणकारांनी जाहीरनामा काढला की, कागदपत्रांपेक्षा चालणारी आज्ञावली आणि नियमांपेक्षा माणसे मोलाची.

भाच्याने सांगितलेली एक हकीकत येथे सांगण्याजोगी आहे. दिवाळीपूर्वी एका गिऱ्हाइकाला काम पोचते करायचे होते. पोचवण्याआधीच्या यादीत एक कलम होते : ‘बिघाड झाल्यास जुनी आवृत्ती परत आणता येते, हे करून पाहिले.’ सगळे सवयीने तेथे बरोबरची खूण करीत. नुकतीच लागलेली एक मुलगी म्हणाली, “मी करून पाहिलेले नाही. मी खूण करणार नाही.” रात्रीचे अकरा वाजलेले, साहेब चिडलेले, सगळ्यांच्या डोळ्यांपुढे घर. शेवटी करून पाहिले, तर जुनी आवृत्ती परत येईना! काम दोन दिवस लांबले. तिची कोणी पाठ थोपटली नाही. पण त्या दोन दिवसांमुळे किती लोकांचे व्यवहार ऐन सणात अडकायचे वाचले, ते तिच्या सोबत्यांना ठाऊक आहे.

या हकीकतीत मला पद्धतीचा खरा उपयोग दिसतो. ते कलम यादीत नसते, तर कालची आलेली मुलगी साहेबापुढे कशाच्या आधारावर उभी राहिली असती? हुशारी वडिलांच्या बाजूची, अनुभव वडिलांच्या बाजूचा. तिच्या बाजूला होती फक्त लिहिलेली एक ओळ. नियम म्हणजे बेडी, असे आपण सहज म्हणतो. परंतु चांगला नियम हा सर्वांत लहान माणसाचा आवाज असतो. मात्र खोटी खूण करणाऱ्या हातात तोच नियम नुसता कागद होतो.

आपल्या घरांतील पुष्कळ मुले-मुली आज हे काम करीत आहेत. ती उशिरा घरी आली की आपण पगार विचारतो, बढती विचारतो. या दिवाळीत फराळाची बशी पुढे करताना एवढेही विचारावे : “बाळा, आज खूण करण्याआधी तपासून पाहिलेस ना?”