शंभर लिटरचा संसार

गाडीच्या पोटात शंभर लिटर पाण्याची टाकी. पिणं, स्वयंपाक, भांडी, हातपाय धुणं, अंघोळ, सगळं त्यातच. भारतात शहरांच्या पाणीयोजना आखताना माणशी दिवसाला 135 लिटर धरतात. आमच्या कॅम्परव्हॅनची अख्खी टाकी त्याहून लहान होती आणि ती आम्हा दोघांना सहज तीन दिवस पुरायची. माझं बालपण सोलापुरातलं. नळाला पाणी येणार त्या दिवशी घरातली बाकी सगळी कामं मागे पडायची. तांदूळ धुतलेलं पाणी झाडांना घालायची सवय तेव्हाची, आणि इंग्लंडमध्ये इतकी वर्षं काढूनही ती हातात शिल्लक होती हे मला या प्रवासात कळलं.

आम्ही बर्मिंगहॅमजवळ राहतो. तिथून उत्तर वेल्समधून होलीहेड, बोटीने डब्लिन, मग आयर्लंडचा पश्चिम किनारा, आणि शेवटी रॉसलेअरहून दक्षिण वेल्समधल्या फिशगार्डला उतरून घरी, असा वळसा ठरवला. पासपोर्ट भारतीय असल्यामुळे आयर्लंडचा वेगळा व्हिसा आधीच काढून ठेवला होता. वेल्सचे डोंगर आणि आयर्लंडचे कडे यांवर पुष्कळांनी लिहिलं आहे. मला लिहायचं आहे ते त्या सहा मीटरच्या गाडीतल्या रोजच्या कामांबद्दल. पाणी कुठून येतं, घाण कुठे जाते, आच किती जळते आणि रात्री कुणाच्या जमिनीवर झोपतो, हे चार प्रश्न आमच्या इंग्लंडमधल्या घरात कधी पडत नाहीत. गाडीत ते रोज सोडवावे लागतात, आणि या प्रवासात मला सर्वांत मोलाचं वाटलं ते हेच.

गाडी भाड्याने देणाऱ्या गृहस्थांनी चावी हातात देण्याआधी तासभर एकेक झाकण उघडून दाखवलं. निळं झाकण चांगल्या पाण्याचं. खालचा नळ वापरलेल्या पाण्याचा. ही मुख्य बॅटरी, ही घरातल्या दिव्यांची. मग त्यांनी स्टिअरिंगसमोर चिकटवलेल्या चिठ्ठीवर बोट ठेवलं: उंची पावणेतीन मीटर, आरशांसकट रुंदी अडीच मीटर. समुद्रकाठच्या बऱ्याच वाहनतळांवर दोन-सव्वादोन मीटरवर आडवा लोखंडी दांडा असतो, त्यामुळे वळण घेण्याआधी ही चिठ्ठी वाचायची. "आकडे पाठ करू नका, वाचा," असं ते दोनदा म्हणाले.

वेल्समध्ये शिरताना आम्ही ए-5 हा जुना रस्ता धरला. लंडनहून डब्लिनला जाणारी टपाल घोडागाड्यांनी होलीहेडपर्यंत लवकर पोचावी म्हणून थॉमस टेलफर्डने एकोणिसाव्या शतकाच्या पहिल्या चतुर्थांशात तो बांधून घेतला. मेनाई सामुद्रधुनीवरचा त्याचा झुलता पूल 1826 साली खुला झाला. घोडे दमू नयेत म्हणून डोंगरातही चढ साधारण वीस फुटांना एक फूट एवढाच ठेवण्याची त्याची धडपड होती. साडेतीन टनांची गाडी घेऊन बेटुस-अ-कोएडहून ऑग्वेनच्या खिंडीकडे चढताना त्या धडपडीची किंमत कळते. इंजिन कुठेही कण्हत नाही, वळणं मोठी आणि समजूतदार आहेत, कपाटातली भांडी जागच्या जागी राहतात. दोनशे वर्षांपूर्वी घोड्यांची काळजी घेतलेल्या इंजिनिअरचे मी मनापासून आभार मानले. वस्त्यांमधला वेग वेल्सने सप्टेंबर 2023 मध्ये ताशी 30 मैलांवरून 20 वर आणला. त्यावरून तिथे खूप वाद झाला, पण शेल्फवर डाळ-तांदळाचे डबे घेऊन हिंडणाऱ्याला तो वेग अगदी योग्य वाटतो.

मुख्य रस्ता सोडला की गोष्ट वेगळी. दोन्ही बाजूंना दगडी बांध, मधे एका गाडीपुरती वाट, आणि समोरून ट्रॅक्टर. जो रुंद जागेच्या जवळ असेल त्याने मागे जायचं, असा तिथला साधा व्यवहार आहे. सहा मीटरची गाडी वळणावर मागे घेणं हे दोघांचं काम. नवरा स्टिअरिंगवर, मी खाली उतरून मागे. वाऱ्यात हाका ऐकू येत नाहीत, म्हणून आम्ही हातांच्या चार खुणा ठरवल्या आणि एक नियम केला: आरशात मी दिसेनाशी झाले की गाडी जागेवर थांबली पाहिजे. ट्रॅक्टरवाले घाई करत नाहीत. उलट एक-दोनदा ते स्वतःच उतरून बांध कुठे पोकळ आहे ते दाखवायला आले.

रात्र काढायची जागा हा सगळ्यात नाजूक विषय. वेल्समध्ये काय किंवा आयर्लंडमध्ये काय, देखणा कडा दिसला म्हणून तिथे गाडी लावून झोपण्याचा हक्क कुणाला नाही. जमीन कुणाची तरी असते आणि त्याची परवानगी लागते. एररी, म्हणजे आपण ज्याला स्नोडोनिया म्हणून ओळखत आलो त्या डोंगराळ भागात, आम्ही एका मेंढपाळ कुटुंबाच्या शेतावर उतरलो. ब्रिटनमध्ये 1960 सालचा एक कायदा आहे. त्याच्या आधारे मान्यताप्राप्त क्लब शेतकऱ्याला फक्त पाच गाड्यांपुरती जागा चालवायचा दाखला देऊ शकतात. एक नळ, मैला ओतायची जागा, फाटकापाशी पैसे टाकायचा पत्र्याचा डबा. बाकी गवत आणि मेंढ्या. मोठ्या कॅम्पिंगच्या मैदानांपेक्षा मला या पाच गाड्यांच्या जागा कितीतरी बऱ्या वाटल्या, कारण तिथे पाहुण्यांची संख्या जमिनीच्या सोसण्याइतकीच असते.

तिथे पोचल्यावर पहिलं काम गाडी सपाट करणं. झोप नीट लागावी म्हणून तर खरंच, पण खरं कारण फ्रिज. आमच्या गाडीतला फ्रिज गॅसवरही चालायचा. त्यात कॉम्प्रेसर नसतो. आतलं द्रावण तापून वर चढतं आणि स्वतःच्या वजनाने नळ्यांतून खाली ओघळतं, त्यावर थंडावा तयार होतो. गाडी फार कलली की ते ओघळणं थांबतं आणि दूध नासतं. म्हणून ओट्यावर छोटी पाणसळ ठेवायची, बुडबुडा कुठे सरकतो ते पाहायचं आणि त्या बाजूच्या उलट्या चाकाखाली प्लास्टिकची पाचर सारायची. मी "अजून जरा, अजून जरा" म्हणत राहायची आणि नवरा बोटबोटभर गाडी वर घ्यायचा.

दुसरं काम विजेचं. शेतावर निळ्या जाड खटक्याची जोडणी मिळते, पण बहुधा दहाच अँपिअरची. 230 व्होल्टवर म्हणजे 2300 वॉट. साधी इंग्लिश किटली एकटीच ते सगळे किंवा त्याहूनही जास्त खाते. हीटर चालू असताना किटली लावली की शेताच्या आमच्या कोपऱ्यात अंधार. म्हणून चहा गॅसवर.

गॅसचा सिलिंडर सहा किलोचा, प्रोपेनचा. ब्यूटेन शून्य अंशाच्या आसपास वायू होणं सोडून देतो, प्रोपेन उणे 42 अंशांपर्यंत साथ देतो, म्हणून थंड देशात लाल सिलिंडर. आपल्याकडे भारतात घरचा 14.2 किलोचा असतो; गाडीत मात्र त्या सहा किलोंतूनच पाणी तापवणं, फ्रिज आणि स्वयंपाक तिन्ही चालायचं. शिवाय ब्रिटनचा रिकामा सिलिंडर आयर्लंडमध्ये बदलून मिळत नाही. तीन लिटरचा कुकर मी घरून नेला होता आणि त्याने फार सांभाळून घेतलं. एक शिट्टी, आच बंद, वर टॉवेल गुंडाळून ठेवायचा, अर्ध्या तासात मुगाची खिचडी तयार. पिठलं तर त्याहून सोपं. फोडणी मात्र सरकतं दार उघडून, वाऱ्याकडे पाठ करूनच द्यायची, नाहीतर धुराचा अलार्म किंचाळतो आणि हिंगाचा वास गादीत मुरतो. गाडीच्या तळाला छोटी भोकं असतात. गॅस हवेपेक्षा जड, गळला तर खाली बसतो आणि तिथून बाहेर पडतो. त्यावर पायपुसणं टाकायचं नाही, हे मी येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाला सांगेन.

आता कॅसेटबद्दल. गाडीतल्या छोट्या संडासाखाली साधारण अठरा लिटरची बंद पेटी असते, तिला कॅसेट म्हणतात. दोन-तीन दिवसांनी ती बाहेरच्या दारातून ओढून काढायची, चाकांवरून ढकलत ठरलेल्या जागी न्यायची, नळीचं तोंड फिरवायचं, झाकण काढायचं. ओतताना हवेचं बटण दाबून धरायचं, म्हणजे उसळी येत नाही. मग दोनदा पाणी घालून खळबळायचं, पुन्हा ओतायचं, औषध घालायचं. शेतावर हिरवंच औषध चालतं, कारण निळ्या औषधांतली तीव्र रसायनं शेतकऱ्याच्या सेप्टिक टँकमधले जिवाणू मारतात आणि मग टँक काम करत नाही. तिथला नळ आणि पिण्याच्या पाण्याचा नळ वेगळा, त्याची रबरी नळी वेगळी. यात कधीही सूट घ्यायची नाही.

हे काम आम्ही आळीपाळीने केलं. पहिल्यांदा माझी पाळी आली तेव्हा मला अप्पासाहेब पटवर्धन आठवले. 1932 साली रत्नागिरीच्या तुरुंगात त्यांनी मैला साफ करण्याचं काम मागितलं. सवर्ण कैद्याला ते काम देता येत नाही असं उत्तर मिळालं, त्यांनी अन्न सोडलं आणि येरवड्यात गांधीजींनी त्यांच्या बाजूने उपास सुरू केला. पुढे कणकवलीच्या गोपुरीत अप्पासाहेबांनी संडासाच्या खतावर आयुष्याची कितीतरी वर्षं घातली. माझ्या हातात मोजे होते, समोर वाहता नळ होता आणि मी हौसेने आले होते. जन्माच्या जातीमुळे ज्यांच्या डोक्यावर हे काम लादलं गेलं त्यांच्याशी माझी तुलना होऊच शकत नाही. हाताने मैला साफ करून घेण्यावर पूर्ण बंदी घालणारा कायदा आपल्याकडे 2013 साली झाला आणि तरी गटारांत माणसं मरतात. पण चाळिशी उलटलेल्या, शिकलेल्या, सवर्ण घरातल्या माझ्यासारख्या बाईने स्वतःचा मैला स्वतः वाहून नेण्याची ही पहिलीच वेळ होती, आणि ती इतक्या उशिरा यावी याची मला खरोखर खंत वाटली.

होलीहेड ते डब्लिन बोटीला सव्वातीन तास लागतात. चढण्याआधी सिलिंडर बंद, फ्रिज बंद. गाडी डेकवर लावून हँडब्रेक ओढायचा, गिअरमध्ये ठेवायची आणि वर जायचं. प्रवासात खाली थांबता येत नाही. आयर्लंडला उतरलं की पाट्या किलोमीटरमध्ये, आणि डब्लिनच्या बाह्यवळणावर टोलनाका नाहीच. कॅमेरा नंबर टिपतो, दुसऱ्या दिवशी रात्री आठपर्यंत पैसे भरायचे.

पश्चिम किनाऱ्यावरच्या कोनेमारात शिरल्यावर रस्ता लाटांसारखा वर-खाली होऊ लागला. खाली पीट आहे, हजारो वर्षांच्या अर्धवट कुजलेल्या वनस्पतींची ओली, फुगीर जमीन. वर कितीही डांबर घाला, ती जागोजागी वेगवेगळी खचते. तिथे ताशी चाळीस किलोमीटरहून पुढे गेलं की स्टीलचे डबे वाजायला लागायचे. मी प्रत्येक दोन डब्यांमध्ये एकेक पंचा कोंबला. रस्त्याच्या कडेला लोकांनी कापलेल्या पीटच्या विटा वाळत रचून ठेवलेल्या, घरोघरच्या शेगडीसाठी. वारा इथे अटलांटिकवरून थेट येतो, म्हणून रात्री गाडीचं तोंड वाऱ्याकडे करायचं. आडवी लावली तर ती रात्रभर हलते. सकाळी काचांवरून पाणी ओघळतं, दोघांच्या श्वासाचंच. छतावरची खिडकी चार बोटं उघडी ठेवली तर कमी होतं, थंडी वाजली तरी.

त्याच किनाऱ्याने पुढे डिंगलला जाताना कोनर पासचा सुंदर घाट सोडून द्यावा लागला. दोन टनांवरच्या गाड्यांना तिथे मनाई आहे, आणि कड्याला खेटलेली ती वाट पाहता ती योग्यच आहे. आम्ही अन्नास्कॉलवरून गेलो. स्ली हेडचा फेरा सगळे घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने करतात, म्हणजे मोठ्या बस समोरासमोर येत नाहीत. एके ठिकाणी ओढा सरळ रस्त्यावरून वाहतो. चाकं भिजवत हळूच पार करायचं. तिथल्या एका शेतावर मालकीणबाईंनी विचारलं, "कुठल्या तुम्ही?" महाराष्ट्र म्हटल्यावर त्या चटकन म्हणाल्या, "म्हणजे वराडकरांच्या!" दोनदा आयर्लंडचे पंतप्रधान झालेल्या लिओ वराडकरांचे वडील मुंबईचे आणि मूळ गाव मालवण तालुक्यातलं वराड. 2019 च्या अखेरीस लिओ स्वतः तिथे जाऊनही आले होते. बाईंनी पाण्याची नळी माझ्या हातात दिली आणि टाकी भरेपर्यंत वराड समुद्रापासून किती लांब आहे ते विचारत राहिल्या.

याच किनाऱ्यावर अनेक वाहनतळांवर रात्री थांबायला बंदीच्या पाट्या दिसतात. त्या रागाने लावलेल्या नाहीत. तिथे कुणीतरी कॅसेट झुडपात ओतली आहे, कुणी ओट्याचं तेलकट पाणी वाळूत सोडलं आहे, कुणी गावात एक युरोही खर्च न करता आठवडाभर जागा अडवली आहे. या पाट्यांबद्दल तक्रार करणारे प्रवासी भेटले. मला मात्र गावकऱ्यांचं पटतं.

तुम्ही जाणार असाल तर मे किंवा सप्टेंबर निवडा आणि सहा मीटरहून मोठी गाडी घेऊ नका. रात्रीची जागा अंधार पडायच्या आत आणि विचारूनच ठरवा. कॅसेट फक्त तिच्यासाठी केलेल्या ठिकाणीच रिकामी करा, त्यासाठी वीस किलोमीटर मागे जावं लागलं तरी. आणि ज्या गावाच्या नळाचं पाणी टाकीत भराल, दूध-पाव-बटाटे त्याच गावाच्या दुकानातून घ्या.