धर्मगुरूंचा थाट आणि चर्चचा हिशोब: काही पक्के गैरसमज

मार्च २०१५ मध्ये अमेरिकेतल्या जॉर्जिया राज्यातले पास्टर क्रेफ्लो डॉलर (हो, आडनाव खरंच डॉलर आहे) यांनी भाविकांना साकडं घातलं. दोन लाख जणांनी प्रत्येकी ३०० डॉलर किंवा जास्त द्यावेत, म्हणजे सुवार्तेच्या कामासाठी साडेसहा कोटी डॉलरचं गल्फस्ट्रीम विमान घेता येईल. भरपूर टवाळी झाली आणि आवाहनाचा व्हिडिओ गुपचूप काढून टाकला गेला. काही महिन्यांनी त्यांच्याच संस्थेने ‘विमान घेणारच’ असं जाहीर केलं.

असा माणूस मोकळा कसा राहतो, हा प्रश्न साहजिक आहे. त्यामागचा गैरसमज असा की दानाच्या पैशावर थाटात राहणं हाच गुन्हा आहे. तसं नाही. अमेरिकेचा कायदा सांगतो, करमाफी मिळालेल्या संस्थेचा पैसा चालकांच्या खिशात जाऊ नये आणि पगार ‘वाजवी’ असावा. वाजवी म्हणजे किती, हे मुळात ठरवतं संस्थेचं मंडळ. त्या मंडळावर पास्टरची बायको, मुलगा आणि दोन मित्र बसलेले असले, तर आकडा किती निघेल हे सांगायला नको. इतर धर्मादाय संस्थांना बड्या अधिकाऱ्यांचे पगार वार्षिक विवरणपत्रात दाखवावे लागतात आणि ते पत्र कोणालाही पाहता येतं. चर्चना त्यातून सूट आहे. चर्चची करतपासणी सुरू करायची तर आधी वरिष्ठ कर अधिकाऱ्याला सबळ कारण लेखी नोंदवावं लागतं. ही तरतूद १९८४ ची आहे.

सिनेटर चक ग्रासली यांनी २००७ मध्ये डॉलर, केनेथ कोपलंड, बेनी हिन, जॉइस मेयर, पॉला व्हाइट आणि एडी लाँग अशा टीव्हीवर गाजणाऱ्या सहा धर्मोपदेशकांना पत्रं धाडून विमानं, बंगले, मोटारींचा खुलासा मागितला. मेयर आणि हिन यांनी सविस्तर उत्तरं दिली. बाकीच्यांनी हात आखडता घेतला. २०११ च्या जानेवारीत अहवाल आला. कोणाला दंड नाही, शिक्षा नाही.

मग १९८९ मध्ये टीव्हीवरचे पास्टर जिम बेकर तुरुंगात कसे गेले? लोकांच्या लक्षात राहिली ती त्यांच्या कुत्र्याची वातानुकूलित खोली. पण न्यायालयाने शिक्षा दिली ती वेगळ्याच व्यवहारासाठी. दक्षिण कॅरोलिनात बेकर यांनी ‘हेरिटेज यूएसए’ नावाचं ख्रिस्ती सहलकेंद्र उभारलं होतं. हजार डॉलर भरा आणि दरवर्षी तीन रात्री तिथल्या हॉटेलात फुकट राहा, अशी आजीवन भागीदारी ते टीव्हीवरून विकत. ग्रँड हॉटेलसाठी २५ हजारच भागीदार घेऊ, हा त्यांचा शब्द. प्रत्यक्षात ६६ हजारांवर विकले. तेवढ्या लोकांना खोल्या देणं शक्यच नव्हतं, आणि आलेला पैसा बांधकामाऐवजी दैनंदिन खर्चाकडे आणि स्वतःच्या चैनीकडे वळत होता. ही सरळसरळ फसवणूक. ४५ वर्षांची शिक्षा झाली, ती पुढे कमी झाली आणि १९९४ मध्ये ते सुटले. कुत्र्याची खोली हास्यास्पद होती, पण बेकायदा नव्हती.

याच्या उलटा गैरसमज जास्त घातक आहे: ‘पास्टरनी स्वतः एक पैसा खाल्ला नाही, मग गुन्हा कसला?’ सिंगापूरच्या सिटी हार्वेस्ट चर्चचा खटला यावर मुद्दाम वाचण्यासारखा आहे. पास्टर काँग ही यांच्या पत्नी सन हो पॉप गायिका. तिच्या गाण्यांतून चर्चबाहेरच्या तरुणांपर्यंत पोचायचं, अशी योजना होती. त्यासाठी चर्चच्या बांधकाम निधीतले २.४ कोटी सिंगापूर डॉलर रोख्यांतली गुंतवणूक दाखवून बाहेर काढले. हे रोखे नावापुरते होते; पैसा गेला तिच्या अमेरिकेतल्या संगीताच्या कारकिर्दीवर. हिशोब तपासनीस प्रश्न विचारू लागल्यावर रोख्यांची परतफेड झाली असं भासवण्यासाठी आणखी २.६ कोटी इकडून तिकडे फिरवले. २०१५ मध्ये सहा जण दोषी ठरले. काँग ही यांची आठ वर्षांची शिक्षा २०१७ मध्ये वरच्या न्यायालयाने साडेतीन वर्षांवर आणली, आणि त्यांनी वैयक्तिक आर्थिक लाभ घेतला नव्हता हेही त्यात धरलं गेलं. पण दोष कायम राहिला. बांधकामासाठी दिलेला पैसा बांधकामालाच लागला पाहिजे. हेतू कितीही पवित्र असला तरी तो दुसरीकडे वळवणं हा विश्वासघातच. आपल्याकडच्या कुठल्याही ट्रस्टच्या विश्वस्तांनी हे निकालपत्र उशाशी ठेवावं असं आहे.

‘हे टीव्हीवाल्या पास्टरांचं झालं. कॅथलिक फादर दारिद्र्याचं व्रत घेतात, तिथे असं नाही.’ यातही अर्धंच खरं. जेझुइट, फ्रान्सिस्कन अशा संघांतले फादर दारिद्र्याचं व्रत घेतात. धर्मप्रांताचे फादर, म्हणजे वसईत किंवा गोव्यात चर्चमध्ये नेहमी भेटणारे बहुतेक जण, ते व्रत घेत नाहीत. ते ब्रह्मचर्याचं आणि बिशपच्या आज्ञापालनाचं वचन देतात. साधेपणाने राहा, असं चर्चचा कायदा त्यांना सांगतो. पण स्वतःच्या नावावर पैसा किंवा वडिलोपार्जित वाडी असायला त्यांना मनाई नाही.

जर्मनीतल्या लिम्बुर्गचे बिशप टेबार्ट्झ-फान एल्स्ट यांचं प्रकरण तर भारतापर्यंत येतं. २०१२ च्या जानेवारीत ते बंगळूरला गरिबांसाठीचे प्रकल्प पाहायला आले, विमानाच्या पहिल्या वर्गातून. एका साप्ताहिकाने ते छापल्यावर त्यांनी न्यायालयात शपथेवर वेगळंच सांगितलं आणि शेवटी २० हजार युरो भरून सुटका करून घेतली. तोवर त्यांच्या निवासस्थानाचा खर्च ३.१ कोटी युरोंवर गेला होता. त्यातला १५ हजार युरोंचा न्हाणीचा टब वर्तमानपत्रांनी गाजवला, पण खरी मेख हिशोबात होती. पैसा ‘बिशपच्या आसना’च्या वेगळ्या निधीतून जात होता आणि तो जाहीर करण्याची पद्धतच नव्हती. पोप फ्रान्सिस यांनी २०१४ मध्ये त्यांचा राजीनामा स्वीकारला. या बोभाट्यानंतर जर्मनीतले इतर धर्मप्रांत आपापल्या अशा निधींचे आकडे जाहीर करू लागले.

भारताबद्दल तर ‘चर्चला सरकार काही विचारतच नाही’ असं सर्रास बोललं जातं. महाराष्ट्रात चर्च हे सार्वजनिक विश्वस्त व्यवस्थेच्या कायद्यातच येतं. देवळाचा किंवा धर्मशाळेचा ट्रस्ट ज्या धर्मादाय आयुक्तांना उत्तरदायी, त्यांनाच चर्चचाही. दरवर्षी लेखापरीक्षण, विश्वस्त बदलले की बदल अर्ज, जमीन विकायची तर आधी परवानगी. परदेशी देणगी २०२० पासून फक्त स्टेट बँकेच्या नवी दिल्लीतल्या मुख्य शाखेत येते आणि त्यातून २० टक्क्यांपेक्षा जास्त रक्कम प्रशासनावर खर्च करता येत नाही. ‘आम्ही पगार हातात घेत नाही, संघाला देतो’ हा अनुदानित शाळांतल्या सिस्टर-फादरांचा युक्तिवादही नोव्हेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मानला नाही. त्यांच्या पगारातून इतरांसारखाच कर कापला जातो.

पळवाटा आहेत, पण त्या सगळ्याच धर्मांना सारख्या. निनावी दानावर आयकर कायदा ३० टक्के कर लावतो. निव्वळ धार्मिक संस्थेला मात्र त्यातून सूट. त्यामुळे मिस्साच्या वेळी फिरणारी दानाची थैली काय किंवा देवळातली हुंडी काय, कोणी किती टाकले ते विचारलं जात नाही. खरी काळजी आहे ती कुठेच नोंदणी नसलेल्या छोट्या मंडळ्यांची, जिथे दशांशाचा, म्हणजे उत्पन्नातल्या दहाव्या हिश्शाच्या दानाचा, क्यूआर कोड थेट पास्टरच्या बचत खात्याचा असतो.

नोंदणी आणि प्रमाणपत्र असलं म्हणजे सगळं चोख, हेही खरं नाही. भारतासाठी पैसा गोळा करणारी, टेक्सासमधली ‘गॉस्पेल फॉर एशिया’ ही संस्था ख्रिस्ती संस्थांच्या आर्थिक शिस्तीसाठी स्थापन झालेल्या परिषदेची १९७९ पासूनची सभासद होती. २०१५ मध्ये त्याच परिषदेने तिला काढून टाकलं. २०१९ मध्ये देणगीदारांच्या दाव्यात संस्थेने ३.७ कोटी डॉलर देऊन तडजोड केली, गैरकृत्य मात्र कबूल केलं नाही.

राहिला शेवटचा आक्षेप: देवाच्या पैशाचा हिशोब मागणं म्हणजे श्रद्धा नसणं. यरुशलेमच्या गरिबांसाठी वर्गणी नेताना संत पौलाने मंडळ्यांनी नेमलेला माणूस सोबत घेतला, कोणी बोट दाखवू नये म्हणून. हे करिंथकरांस लिहिलेल्या दुसऱ्या पत्रात आहे. पंडिता रमाबाईंच्या शारदा सदनासाठी १८८७ मध्ये बोस्टनमध्ये उभी राहिलेली रमाबाई असोसिएशन देणगीदारांसाठी वार्षिक अहवाल छापत असे.

तेव्हा पावती मागा. वार्षिक सभेत ताळेबंद मोठ्याने वाचायला लावा, विश्वस्तांत एकाच घरातले किती आहेत ते मोजा, आणि इमारत निधी कोणत्या खात्यात आहे ते विचारा. महाराष्ट्रात नोंदणी झालेल्या कुठल्याही ट्रस्टच्या विश्वस्तांचा आणि मालमत्तेचा उतारा धर्मादाय कार्यालयात अर्ज करून, फी भरून मिळतो.