रिकामा पाळणा आणि आपले कर्तव्य

विवाहाला पाच-सहा वर्षे लोटली आणि घरात पाळणा हालला नाही, की गावात कुजबूज सुरू होते. असे दुःख सोसणारी कित्येक जोडपी हल्ली शहरातील दवाखान्यांची वाट धरतात. तेथे होणाऱ्या ‘गर्भांकुर-रोपण’ या उपचाराविषयी आपल्याकडे ऐकीव गोष्टीच फार. म्हणून तो उपचार कसा असतो व ख्रिस्तसभा त्याविषयी काय शिकविते, हे आम्ही येथे थोडक्यात मांडीत आहो.

प्रथम स्त्रीला सुमारे दहा-बारा दिवस इंजेक्शने देऊन एकाच वेळी अनेक स्त्रीबीजे पक्व केली जातात. ती भूल देऊन सुईने काढतात, प्रयोगशाळेत पतीच्या बीजाशी त्यांचा संयोग घडवितात आणि झालेले गर्भांकुर तीन ते पाच दिवस वाढवितात. मग त्यांतील एक किंवा दोन बारीक, लवचिक नळीने गर्भाशयात सोडतात. यास काही मिनिटेच लागतात. खरी कसोटी पुढेच असते. सुमारे दोन आठवड्यांनी रक्ताची तपासणी होईपर्यंत ती स्त्री एकेक दिवस मोजून काढते. पुष्कळदा उत्तर नकाराचे येते आणि ‘हिने जड उचलले असेल’ असा ठपका तिच्यावरच बसतो. हा ठपका अन्यायाचा आहे. रोपणानंतर अंथरुणावर पडून राहिल्याने यश वाढत नाही, असे वैद्यकशास्त्रास आढळून आले आहे.

या मार्गाने जन्मलेले जगातील पहिले बालक लुईझ ब्राऊन. तिचा जन्म २५ जुलै १९७८ रोजी इंग्लंडमधील ओल्डहॅम येथे झाला. त्या वेळी व्हेनिसचे कार्डिनल आल्बिनो लुचियानी, जे त्याच ऑगस्टमध्ये पोप पहिले जॉन पॉल झाले, त्यांनी त्या उपचारास संमती दिली नाही. परंतु बालिकेला मनःपूर्वक शुभेच्छा दिल्या आणि तिच्या आईबापांना दोषी ठरविण्याचा आपणास अधिकार नाही, असे सांगितले.

ख्रिस्तसभेने १९८७ साली ‘दोनुम वीते’ व २००८ साली ‘दिग्नितास पेर्सोने’ या लेखांतून आपली शिकवण स्पष्ट केली. अपत्य हे पतिपत्नींच्या प्रेममीलनाचे फळ असावे. प्रयोगशाळेने त्या मीलनाची जागा घेऊ नये. शिवाय मानवी जीवन गर्भधारणेच्या क्षणापासून पवित्र असता, या उपचारात उरलेले गर्भांकुर गोठविले जातात किंवा नाश पावतात. म्हणून ख्रिस्तसभा हा मार्ग मान्य करीत नाही. मात्र बंद गर्भनलिका शस्त्रक्रियेने मोकळी करणे, संप्रेरकांची औषधे घेणे, असे निसर्गक्रमास साहाय्य करणारे उपचार तिला मान्य आहेत. दत्तक घेण्याचा मार्गही ती मोठ्या आदराने दाखविते. आरंभी पती व पत्नी दोघांनीही तपासणी करून घ्यावी. दोष अनेकदा पुरुषाकडेही असतो, हे आपल्या वडीलधाऱ्यांनी ध्यानी घ्यावे.

पवित्र शास्त्रातील हन्नेची कथा आपण जाणतो. पनिन्ना तिला टोमणे मारीत असे. आणि शिलोच्या मंदिरात ती ओठ हालवून प्रार्थना करीत असता एली याजकाने तिला मद्यधुंद समजून दटावले. घरच्यांनी दुखविले आणि धर्माच्या माणसानेही ओळखले नाही! परंतु सत्य कळताच एलीने तिला आशीर्वाद देऊन शांतीने पाठविले. आपणही निदान तेवढे तरी करावे.

जी जोडपी या वाटेने जाण्याच्या विचारात असतील, त्यांनी पैसे भरण्यापूर्वी आपल्या धर्मगुरूंशी मोकळेपणाने बोलावे. जी जाऊन आली आहेत, त्यांचे बाळ देवाचेच दान आहे. बाप्तिस्म्याच्या पाण्यात त्याच्यासाठी निराळा घाट नाही. आणि जी रिकाम्या हातांनी परतली, त्यांच्या दारी आपण जावे, बसावे, त्यांच्याबरोबर रोजरीची प्रार्थना करावी. आणि ‘काही बातमी?’ हा प्रश्न तेवढा विचारू नये.