जुना संगणक आणि अपुरी स्मृती

सातारा आणि सांगली जिल्ह्यांतील कितीतरी घरांत दहा-पंधरा वर्षांपूर्वी घेतलेले संगणक अद्याप वापरात आहेत. मुलांच्या अभियांत्रिकी प्रवेशाच्या वेळी स्थानिक दुकानदाराकडून सुटे भाग जुळवून घेतलेले हे यंत्र, मुले पुण्याला वा बंगळुरूला गेल्यावर आईवडिलांच्या वाट्याला आले. त्यावर निवृत्तिवेतनाचे खाते पाहिले जाते, विजेचे बिल भरले जाते, एखाद्या विश्वस्त संस्थेचा जमाखर्च लिहिला जातो. आणि एके दिवशी स्मृती अपुरी पडत असल्याची सूचना पडद्यावर उमटते. दुकानात नेल्यास उत्तर बहुधा ठरलेले असते : ‘काका, आता नवाच घ्या.’ हे उत्तर कधी कधी योग्यही असते. परंतु पेटी न उघडता दिलेले उत्तर म्हणजे निदान नव्हे.

येथे पहिला गोंधळ शब्दांचा होतो. पाचशे जीबीची हार्ड डिस्क निम्मी रिकामी असताना स्मृती अपुरी कशी, असा प्रश्न स्वाभाविक आहे. जुन्या बँक शाखेचे चित्र डोळ्यांसमोर आणले म्हणजे उलगडा होतो. हार्ड डिस्क म्हणजे मागची रेकॉर्ड रूम. रॅम म्हणजे कारकुनाचे टेबल. काम टेबलावरच होते. चार खातेवह्या मावतील एवढ्या टेबलावर आठ वह्यांचे काम आले, तर शिपायाने चार वह्या रेकॉर्ड रूममध्ये नेऊन ठेवायच्या आणि मागणी येईल तशी अदलाबदल करायची. संगणकही हेच करतो. रॅम भरली की तो डिस्कवरील एका राखीव फाइलमध्ये काही मजकूर हलवतो. ‘आभासी स्मृती’ची ही युक्ती इंग्लंडमधील मँचेस्टरच्या ‘ॲटलस’ संगणकात १९६२ साली प्रत्यक्षात आली. तिची मर्यादाही लवकरच कळली. वह्यांची ने-आण इतकी वाढते की मूळ काम जवळजवळ थांबते. या अवस्थेला ‘थ्रॅशिंग’ म्हणतात आणि पीटर डेनिंग यांनी तिची मीमांसा १९६८ मध्ये केली. घरातील जुना संगणक डिस्कचा दिवा लुकलुकत ठेवून दहा मिनिटे काहीच करत नाही, तेव्हा बहुधा हेच चाललेले असते.

काटकसरीचा काळ फार दूरचा नाही. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत बांधल्या गेलेल्या आणि १९६२ मध्ये ‘टिफ्रॅक’ असे नामकरण झालेल्या संगणकाची स्मृती २,०४८ शब्दांची होती, प्रत्येक शब्द ४० बिटांचा. आजच्या हिशेबाने ती दहा केबी भरते. मोबाइलवर येणाऱ्या तीन एमबीच्या एका छायाचित्राला तिच्या सुमारे तीनशेपट जागा लागते. २००१ च्या विंडोज एक्सपीची किमान मागणी ६४ एमबी रॅमची होती. २०२१ च्या विंडोज ११ ची ४ जीबी आहे. म्हणजे वीस वर्षांत मागणी ६४ पट झाली. यंत्र म्हातारे झाले असे आपण म्हणतो. वस्तुतः ते होते तेथेच आहे आणि कामाचा पसारा वाढला आहे.

निदानाची सुरुवात बिनखर्ची आहे. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप या तीन कळा एकत्र दाबल्या म्हणजे ‘टास्क मॅनेजर’ उघडतो आणि कोणता कार्यक्रम किती रॅम अडवून बसला आहे, हे दिसते. बहुतेक वेळा पहिला मान ब्राउझरचा असतो. उघडून विसरलेली पंधरा पाने, प्रत्येकाची स्वतंत्र जागा! त्याखालोखाल संगणक सुरू होताच आपोआप जागे होणारे कार्यक्रम : प्रिंटरचा साहाय्यक, तीन वर्षे न वापरलेले संभाषणाचे साधन, आणि कधी कधी एकाच यंत्रात नांदणारे दोन अँटिव्हायरस. ‘स्टार्टअप’च्या यादीत जाऊन यांतले अनावश्यक बंद करता येतात. ‘एका क्लिकमध्ये रॅम साफ’ करणारे कार्यक्रम मात्र उतरवून घेऊ नयेत. त्यांचा लाभ नगण्य, आणि स्वतः तेही टेबलावर जागा अडवतात. ‘आपल्या संगणकाची स्मृती धोक्यात आहे, या क्रमांकावर फोन करा’ अशी पाटी ब्राउझरमध्ये झळकली, तर ती फसवणूक आहे असेच समजावे.

यानंतर रॅम वाढवण्याचा विचार. येथे एक जुना गैरसमज दूर होणे आवश्यक आहे. चार जीबी रॅम बसवूनही संगणक सव्वातीन जीबीच दाखवतो, म्हणून दुकानदाराने फसवले असा संशय अनेकांनी घेतला असेल. त्यात दुकानदाराचा दोष नसतो. ३२ बिटांची विंडोज ४,२९,४९,६७,२९६ पत्तेच देऊ शकते, म्हणजे बरोबर चार जीबी. त्यांतले काही पत्ते पडदा व इतर उपकरणांसाठी राखून ठेवावे लागतात. प्रोसेसर चालत असेल तर ६४ बिटांची प्रणाली घातल्याशिवाय अधिक रॅमवर खर्च करणे व्यर्थ. मदरबोर्डचीही मर्यादा असते. इंटेलच्या जी-३१ जातीचे एके काळी घरोघरी असलेले बोर्ड डीडीआर-२ प्रकारची फार तर चार जीबी रॅम स्वीकारतात. त्यानंतरचे एच-६१ जातीचे बोर्ड डीडीआर-३ ची सोळा जीबीपर्यंत. या पट्ट्यांच्या खाचा निरनिराळ्या जागी असतात, त्यामुळे एकीची दुसरीच्या जागी बसतच नाही. जुनी पट्टी सोबत नेऊन तशीच मागणे हा सर्वांत सोपा मार्ग.

कधी कधी खरेदीचीही गरज नसते. साताऱ्याच्या पावसाळी दमट हवेत पट्टीच्या सोनेरी कडांवर मळ धरतो, सांगलीच्या उन्हाळ्यात धूळ. मग संगणक सुरू होताना लांब शिट्ट्या देतो किंवा दोनपैकी एकच पट्टी मोजतो. वीजजोड काढून, पट्टी सोडवून, कडा साध्या खोडरबराने पुसून ती पुन्हा घट्ट बसवणे, हा प्रत्येक कारागिराचा पहिला उपचार असतो. नवी रॅम घ्यायची तर भाव मात्र अनुकूल नाहीत. २०२५ च्या उत्तरार्धात कृत्रिम बुद्धिमत्तेच्या केंद्रांची मागणी वाढल्याने जगभर रॅम महागली. त्या डिसेंबरात मायक्रॉन कंपनीने सामान्य ग्राहकांसाठीची ‘क्रूशियल’ ही आपली शाखा बंद करण्याचे जाहीर केले. अशा वेळी दुरुस्तीच्या दुकानात तपासून मिळालेली वापरलेली पट्टी गैर नव्हे. हार्ड डिस्कच्या जागी एसएसडी बसवल्यास टेबल वाढत नाही, परंतु शिपाई धावू लागतो. म्हातारे यंत्र त्यानेही सुसह्य होते.

हे सर्व करूनही एक प्रश्न शिल्लक राहतो, आणि तो गंभीर आहे. विंडोज १० चे पोषण १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपले. नोंदणी करणाऱ्या घरगुती ग्राहकांना मिळणारी सुरक्षेची मुदत १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंतच आहे. २०१२ चा संगणक विंडोज ११ च्या अटींत बसत नाही. सुरक्षादुरुस्त्या बंद झालेल्या यंत्रावर आयुष्याची पुंजी असलेले खाते उघडणे शहाणपणाचे नाही, मग रॅम सोळा जीबी असो. बँकेचे व्यवहार अद्ययावत साधनावर करावेत. जुन्या यंत्रावर लिनक्स मिंटसारखी विनामूल्य प्रणाली घालता येते. ती दोन जीबीवर चालते, चार असल्यास बरे. मराठी टंकनाची सोय तीत आहे.

परंतु प्रणाली बदलण्याआधी पेटीत काय आहे ते पाहिले पाहिजे. त्या वर्षांत मराठी मजकूर श्रीलिपी किंवा सी-डॅकच्या आयएसएमसारख्या साधनांनी, युनिकोडपूर्व अक्षरसंचांत लिहिला जाई. वंशावळी, वाटणीपत्रांचे मसुदे, विश्वस्त मंडळाची इतिवृत्ते अशा फाइली नव्या यंत्रावर उघडल्या की अर्थहीन चिन्हांची रांग दिसते. मूळ साधन चालू असलेला जुना संगणक हाच त्यांचा वाचक. म्हणून तो चालू आहे तोवर हा मजकूर युनिकोडमध्ये बदलून घ्यावा, निदान पीडीएफ तरी करून ठेवावा, आणि मगच स्क्रूड्रायव्हर हाती घ्यावा.

प्रतही एकाच घरात नको. २०१९ च्या ऑगस्टमध्ये व पुन्हा २०२१ च्या जुलैमध्ये कृष्णेचे पाणी सांगलीच्या घरा-दुकानांत शिरले, तेव्हा टेबलाखालची पेटी आणि कपाटाच्या खालच्या कप्प्यातील प्रत दोन्ही एकदमच भिजण्याची ती वेळ होती. माहुलीस वेण्णेला पोटात घेऊन हीच कृष्णा साताऱ्याहून खाली जाते. सांगलीच्या घराची एक प्रत साताऱ्याच्या नातलगाकडे, डोंगराच्या कुशीत, असणे त्यामुळे सोयीचे. यंत्र अखेर निकालात काढायचेच झाले, तर हार्ड डिस्क आधी काढून घ्यावी आणि उरलेला सांगाडा भंगारवाल्याच्या हातगाडीवर न टाकता ई-कचरा स्वीकारणाऱ्या अधिकृत केंद्राकडे द्यावा.