आरन बर : निर्दोष सुटलेला ‘देशद्रोही’

अमेरिकन प्रजासत्ताकाच्या आरंभीच्या मुत्सद्द्यांपैकी आरन बर याच्याइतकी अपकीर्ती क्वचितच कोणाच्या वाट्याला आली असेल. माजी अर्थमंत्री अलेक्झांडर हॅमिल्टन याचा प्राण घेणारा आणि देशाचे तुकडे करू पाहणारा, अशीच त्याची ओळख पिढ्यान्‌पिढ्या करून देण्यात आली. यांतील पहिली गोष्ट खरी आहे. दुसरी न्यायालयात टिकली नाही. पण त्याच्या नावाला चिकटली ती तीच.

बर हा प्रिन्स्टनच्या महाविद्यालयाच्या अध्यक्षाचा मुलगा. आईबाप बालपणीच निवर्तले. सोळाव्या वर्षी तो पदवीधर झाला, १७७५ मध्ये क्वेबेकवरील खडतर मोहिमेत लढला आणि पुढे न्यूयॉर्कमध्ये वकील म्हणून नावारूपास आला. १८०० च्या निवडणुकीत त्याला आणि त्याच्याच पक्षाच्या जेफर्सनला प्रत्येकी ७३ मते पडली. कारण अध्यक्ष व उपाध्यक्ष यांच्यासाठी निरनिराळे मत देण्याची सोय राज्यघटनेत त्या वेळी नव्हती. प्रतिनिधिगृहात ३६ वेळा मतदान झाले, तेव्हा कुठे जेफर्सन अध्यक्ष आणि बर उपाध्यक्ष झाला. निवड झाली तरी आपण अध्यक्षपद घेणार नाही, असे बरने निःसंदिग्धपणे सांगितले असते, तर तो पेच लवकर सुटता. तसे त्याने सांगितले नाही. जेफर्सनचा विश्वास तेथेच उडाला.

११ जुलै १८०४ रोजी वीहॉकन येथे झालेल्या द्वंद्वयुद्धात हॅमिल्टन घायाळ झाला व दुसऱ्या दिवशी मरण पावला. द्वंद्व कायद्याने निषिद्ध होते, पण प्रतिष्ठितांत रूढ होते. हॅमिल्टनचा थोरला मुलगाही १८०१ मध्ये असाच मारला गेला होता. बरवर आरोप ठेवले गेले, खटला मात्र कधीच चालला नाही. आणि श्रोत्यांना नवल वाटेल, पण अंगावर हे आरोप असतानाच १८०५ मध्ये न्यायमूर्ती चेस यांच्यावरील महाभियोगाच्या वेळी सिनेटचे अध्यक्षस्थान त्याने भूषविले, आणि तेही अत्यंत निःपक्षपातीपणे.

त्यानंतर तो पश्चिमेकडे वळला. त्याला स्पेनच्या ताब्यातील मेक्सिको जिंकायचा होता, की पश्चिमेकडील प्रांत फोडायचे होते, यावर विद्वानांचा वाद अद्याप मिटलेला नाही. त्याच्याविरुद्ध ओरड केली ती जनरल विल्किन्सन याने. या विल्किन्सनने बरचे म्हणून पुढे केलेल्या सांकेतिक पत्रात स्वतःला सोयीचे फेरफार केले होते. एवढेच नव्हे, तर तो वर्षानुवर्षे स्पेनकडून गुप्तपणे पैसा घेत होता, हे स्पॅनिश दप्तरांवरून पुढे सिद्ध झाले. अशा माणसाच्या शब्दावर विसंबून, खटला उभा राहण्यापूर्वीच, जानेवारी १८०७ मध्ये अध्यक्ष जेफर्सनने काँग्रेसला सांगून टाकले की, बरच्या अपराधाविषयी शंकाच नाही! राष्ट्राच्या प्रमुखानेच निकाल दिल्यावर आरोपीने दाद कोणाकडे मागावी?

त्याला दाद मिळाली ती रिचमंड येथे, सरन्यायाधीश जॉन मार्शल यांच्यापुढे. देशद्रोह सिद्ध होण्यास एकाच उघड कृत्याचे दोन साक्षीदार हवेत, असे राज्यघटना सांगते. ओहायो नदीतील ज्या बेटावर माणसे जमली होती, तेथे त्या वेळी बर नव्हताच. मार्शल यांनी कायद्याचा अर्थ काटेकोरपणे लावला आणि १ सप्टेंबर १८०७ रोजी ज्यूरीने त्याला सोडले. तेही कुरकुरत, पुढे आलेल्या पुराव्यावरून गुन्हा शाबीत होत नाही, एवढेच ज्यूरी म्हणाली. बरने या शब्दयोजनेला हरकत घेतली आणि दप्तरी ‘निर्दोष’ अशीच नोंद झाली.

म्हणून बर साधुपुरुष ठरत नाही. सुटकेनंतर युरोपात जाऊन त्याने इंग्रजांपुढे आणि नेपोलियनच्या सरकारपुढे आपल्या योजना मांडल्या. हे त्याच्या समर्थकांनाही नाकारता येत नाही. परंतु त्याची बाजू मांडणार कोण? त्याची लाडकी कन्या थिओडोशिया १८१३ च्या आरंभी गलबतासह समुद्रात नाहीशी झाली. त्याच्या कागदपत्रांचा मोठा भागही तिच्याबरोबर गेला, असे सांगतात. हॅमिल्टन व जेफर्सन यांची पत्रे मात्र खंडोगणती छापली गेली. नॅन्सी आयझेनबर्ग या इतिहासकार विदुषीने २००७ मध्ये त्याचे नवे चरित्र लिहिले, तेव्हा विरोधकांच्या पत्रांतील बर बाजूस ठेवून उरलेला बर तिला धुंडाळावा लागला.