मोहर्लीच्या होमस्टेला हवी हलकी वेबसाइट

ताडोबाच्या मोहर्ली गेटजवळ राहायची सोय शोधणारा पर्यटक एक तर पुण्या-नागपुरात घरी बसलेला असतो, नाही तर चंद्रपूर सोडून जंगलाच्या वाटेला लागलेला असतो. घरच्याला रेंजची चिंता नाही. वाटेवरच्याला मात्र रेंज येते-जाते, आणि घाईही त्यालाच असते. मंगळवारी कोअरमधली, म्हणजे जंगलाच्या गाभ्यातली, सफारी बंद असते हे त्याला आत्ताच कळायला हवं. अशा वेळी होमस्टेच्या साइटवर नुसतं चक्र फिरत राहिलं, तर तो दुसरा नंबर लावतो.

ही चक्रं फिरण्याचं एक कारण साइटच्या घडणीत आहे. बऱ्याच साइट्स, कोणी पान उघडलं की डेटाबेसमधून मजकूर काढून ते पान तेव्हाच जुळवतात. रेल्वेच्या आरक्षणासाठी हे हवंच. पण तीन खोल्या, जेवणाचे दर आणि यायचा रस्ता एवढंच सांगायचं असेल, तर हा दोन पाहुण्यांसाठी लग्नाचा मांडव झाला. पानं आधीच तयार करून ठेवावीत. टिम बर्नर्स-ली यांनी १९९१ मध्ये जगापुढे आणलेली पहिली वेबसाइट अशीच साध्या, तयार पानांची होती.

तशी पानं आज हातानं लिहावी लागत नाहीत. २००८ मध्ये जेकिल आणि २०१३ मध्ये ह्यूगो ही मोफत साधनं आली. त्यांना बटणं नाहीत. संगणकाच्या काळ्या खिडकीत, म्हणजे टर्मिनलमध्ये, आज्ञा टाइप करायच्या. (त्या रोमन अक्षरांतच टाइप होतात; इथे उच्चार दिले आहेत.) ‘ह्यूगो न्यू साइट मोहर्ली’ म्हटलं की मजकूर, मांडणी आणि फोटोंसाठी वेगवेगळे फोल्डर तयार होतात. मांडणीसाठी एखादी तयार थीम घ्यायची, मजकूर साध्या फाइलमध्ये मराठीत लिहायचा. ‘ह्यूगो सर्व्हर’ म्हटलं की साइट आपल्याच संगणकावर दिसते, इंटरनेट नसतानाही. शेवटी नुसतं ‘ह्यूगो’ म्हणायचं. ‘पब्लिक’ नावाच्या फोल्डरमध्ये सगळी पानं तयार होतात. लहान साइटला सेकंदही लागत नाही. तो फोल्डर होस्टिंगवर, म्हणजे साइट ठेवायला घेतलेल्या इंटरनेटवरच्या जागेवर, चढवला की झालं. पावसाळ्यात कोअर बंद झाला, तर एक ओळ बदलायची, ‘ह्यूगो’ ही आज्ञा पुन्हा द्यायची आणि फोल्डर पुन्हा चढवायचा.

मराठीमुळे साइट जड होते, ही समजूत अर्धीच खरी आहे. यूटीएफ-८ या पद्धतीत देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेतं. काना, वेलांटी, हलन्त सगळं वेगळं मोजलं जातं. ‘मोहर्ली’ला २१ बाइट लागतात, रोमनमध्ये सात. पण पानभर मराठी मजकूरही दहा-पंधरा हजार बाइटमध्ये बसतो, आणि मोबाइलचा एक फोटो सहज तीस लाखांवर जातो. भार आहे तो फोटोंचाच.

टर्मिनल खरं कामाला येतं ते इथे. इमेजमॅजिक या साधनाची ‘मॉग्रिफाय’ ही आज्ञा फोल्डरमधले शंभर फोटो एका ओळीत लहान करते. ती मूळ फाइलवरच नवी फाइल लिहिते, म्हणून आधी फोल्डरची प्रत काढायलाच हवी. याच ओळीत ‘ऑटो-ओरिएंट’ आणि ‘स्ट्रिप’ हे दोन शब्दही घालावेत. पहिल्यानं आडवे पडलेले फोटो उभे राहतात. दुसऱ्यानं फोटोत दडलेली माहिती पुसली जाते: कॅमेरा, वेळ, आणि लोकेशन चालू असेल तर अक्षांश-रेखांशसुद्धा.

शहरातल्या फोटोत ही माहिती राहिली तर फारसं बिघडत नाही. पण कोअरभोवतीच्या बफर जंगलातल्या नाल्यावर पिल्लांसह बसलेल्या वाघिणीच्या फोटोत ती राहिली, तर त्या नाल्याचा अचूक पत्ता ती फाइल उतरवून घेणाऱ्या कोणाच्याही हाती पडतो. त्यात शिकारीही आला. नेहमीसारख्या पाठवलेल्या फोटोतून व्हॉट्सॲप ही माहिती गाळतं, म्हणून आपण निर्धास्त असतो. स्वतःच्या साइटवर चढवलेली फाइल मात्र जशीच्या तशी जाते.

जेकिल किंवा ह्यूगोनं ऑनलाइन बुकिंग आपोआप होत नाही. त्यासाठी फोन नंबर द्यावा, आणि सफारीसाठी वन विभागाच्या अधिकृत साइटचा दुवा. होमस्टेवाल्यांनी साइट कशातही बनवावी, पण वाघाचा फोटो चढवण्यापूर्वी त्यातलं ठिकाण तेवढं पुसावं.