पाहुणे तुमच्या कार्यशाळेत येतात तेव्हा: कारागीर लाभार्थ्यांसाठी माहिती

तुम्ही लाकडी खेळणी, मातीची भांडी, टोपल्या, दगडी मूर्ती किंवा चपला बनवत असाल आणि पीएम विश्वकर्मा योजनेत तुमची नोंदणी झाली असेल किंवा तुम्ही ती करणार असाल, तर ही माहिती तुमच्यासाठी आहे. वस्तू कुठे आणि कशी बनते हे पाहायला शहरातले लोक आता गावापर्यंत येतात. असा पाहुणा दारात आला, की व्यापाऱ्याच्या भावाने माल द्यावा लागत नाही. मात्र त्याचा पैसा तुमच्याच घरात यायचा असेल, तर काही तयारी आधी करावी लागते. त्यातली बरीच तयारी योजनेतून होऊ शकते.

रस्ता बदलला की गिऱ्हाईक बदलते

कर्नाटकातल्या चन्नपट्टणचे उदाहरण घ्या. बेंगळुरूपासून सुमारे ६० किलोमीटरवर, म्हैसूरच्या जुन्या रस्त्यावर हे गाव आहे. लाखेच्या रंगातली लाकडी खेळणी ही त्याची ओळख. वर्षानुवर्षे म्हैसूरला जाणाऱ्या गाड्या रस्त्याकडेच्या दुकानांसमोर थांबायच्या आणि खेळणी विकली जायची. मार्च २०२३ मध्ये बेंगळुरू-म्हैसूर द्रुतगती मार्ग सुरू झाला. तो गावाबाहेरून जातो, त्यामुळे जाता जाता थांबणारे गिऱ्हाईक कमी झाले.

आता चन्नपट्टणला जो वळतो, तो ठरवून वळतो. त्याला नुसते खेळणे हवे असते तर ते शहरातल्या दुकानातही मिळाले असते. तो खेळणे बनताना पाहायला येतो. म्हणजे दुकानाची पाटी जे काम करायची, ते आता तुमच्या कार्यशाळेला करावे लागणार आहे. तुमचे गाव मोठ्या रस्त्यापासून दूर असेल, तर ही गोष्ट तुम्हालाही लागू आहे.

काय दाखवायचे

सगळे काम सुरुवातीपासून दाखवायचा प्रयत्न करू नका. पाहुणा अर्धा-पाऊण तास थांबतो, आणि तुमच्या वस्तूला कित्येक दिवस लागतात. कामातला एक असा टप्पा निवडा, जिथे पाहणाऱ्याच्या डोळ्यांसमोर काहीतरी बदलते.

चन्नपट्टणमध्ये तो टप्पा रंगाचा. लेथवर फिरणाऱ्या लाकडाला लाखेची रंगीत कांडी टेकवली, की घर्षणाच्या उष्णतेने लाख वितळते आणि क्षणात लाकडावर चढते. मग केवड्याच्या जातीच्या झाडाचे पान दाबून धरले की झळाळी येते. बिदरी काम करणाऱ्याकडे तो टप्पा अगदी शेवटचा. बीदरच्या किल्ल्यातल्या मातीचे मिश्रण चोळले की जस्त-तांब्याचा धातू काळा पडतो आणि त्यात बसवलेली चांदी तशीच उजळ राहते. ओडिशात पुरीजवळच्या रघुराजपूरमध्ये पट्टचित्र काढणारे कारागीर चिंचोक्याच्या खळीने कापडाचे थर चिकटवतात, वर खडूची भुकटी लावतात आणि दगडाने घासून कापड गुळगुळीत करतात. चित्राला अजून सुरुवातही झालेली नसते, तरी त्या कापडावर हात फिरवणाऱ्याला किंमत वेगळी समजवावी लागत नाही. रघुराजपूरचा वारसा-गाव म्हणून विकास २००० सालापासून सुरू झाला. तिथे ओळीने घरे आहेत आणि घरातच काम चालते.

म्हणून त्या टप्प्यापर्यंत आणलेले दोन-तीन नग नेहमी बाजूला काढून ठेवा. फिरते यंत्र असेल तर पाहुण्यांनी कुठे उभे राहायचे, ती रेघ जमिनीवर आखा. लहान मुले, ओढण्या आणि मोकळे केस यंत्रापासून दूर ठेवायला सांगताना संकोच करू नका. नवा नमुना अजून बाजारात आला नसेल, तर तो कपाटात ठेवा. फोटो काढू नका असे नंतर सांगण्यापेक्षा हे सोपे जाते.

तुमच्या वेळेचीही किंमत धरा

इथे बहुतेक कारागीर मागे पडतात. समजा, दिवसाच्या आठ तासांच्या कामातून तुम्हाला ६०० रुपये सुटतात. अर्ध्या-अर्ध्या तासाचे चार गट आले तर दोन तास गेले, म्हणजे १५० रुपयांचे काम थांबले. त्यातल्या दोन गटांनी काहीच घेतले नाही, तर तो तोटा कोणी भरायचा?

पाहणे मोफत ठेवायचे असेल तर ठेवा, पण पाहुण्याला स्वतः हाताने करून बघायचे असेल तर त्याचे शुल्क वेगळे घ्या आणि दर भिंतीवर लिहून लावा. प्रत्येक वस्तूवर किमतीची चिठ्ठी असू द्या. किंमत लिहिलेली नसली, की पाहुण्याला घेऊन येणारा वाटाड्या किंवा गाडीवाला त्यात आपला वाटा मिसळतो, आणि ‘महाग आहे’ हा ठपका मात्र तुमच्यावर येतो. वाटाड्याला कमिशन द्यायचेच असेल तर ते किती, हे त्याच्याशी आधीच ठरवा.

तुमच्यासाठी कोणती योजना

पीएम विश्वकर्मा योजना १७ सप्टेंबर २०२३ रोजी सुरू झाली आणि तिचा कालावधी २०२७-२८ पर्यंत आहे. तिच्यात १८ व्यवसाय आहेत. सुतार, लोहार, कुंभार, मूर्तिकार व पाथरवट, चर्मकार, टोपली-चटई-झाडू विणणारे, पारंपरिक बाहुल्या व खेळणी बनवणारे, सोनार, शिंपी हे त्यांतले काही.

चित्रकार आणि हातमाग विणकर या यादीत नाहीत. तेलंगणातल्या पोचमपल्लीला २०२१ मध्ये जागतिक पर्यटन संघटनेने उत्तम पर्यटन गावांत निवडले, तिथली इकत पाहायला लोक जातात. पण तिथल्या विणकराने विश्वकर्मासाठी अर्ज केला तर तो व्यवसायावरच अडेल. विणकरांनी जवळच्या विणकर सेवा केंद्रात जावे. पट्टचित्र, बिदरी यांसारख्या हस्तकलांसाठी वस्त्रोद्योग मंत्रालयाचे हस्तकला विकास आयुक्त कारागिरांना ‘पहचान’ ओळखपत्र देतात, त्याची चौकशी हस्तकला सेवा केंद्रात करा.

विश्वकर्मासाठी वय किमान १८ हवे. पती, पत्नी आणि अविवाहित मुले मिळून एक कुटुंब धरतात, आणि त्यातल्या एकालाच लाभ मिळतो. सरकारी नोकरीतल्या व्यक्तीच्या कुटुंबाला तो मिळत नाही. नोंदणी सामाईक सेवा केंद्रात आधारच्या ठशाने होते आणि ती मोफत आहे. कोणी पैसे मागितले तर देऊ नका. अर्जाची पहिली पडताळणी ग्रामपंचायतीत होते, मग जिल्हा समिती आणि शेवटी छाननी समिती. अर्ज पुढे सरकला नाही, तर आधी ग्रामपंचायतीतच विचारा.

औजार, प्रशिक्षण आणि कर्ज

पायाभूत प्रशिक्षण ५ ते ७ दिवसांचे असते आणि दिवसाला ५०० रुपये विद्यावेतन मिळते. औजारांसाठी १५,००० रुपयांपर्यंतचे डिजिटल व्हाउचर मिळते. ते औजारांवरच खर्च होते, कार्यशाळेच्या रंगरंगोटीवर नाही. त्यानंतर तारणाशिवाय पहिले कर्ज १ लाख रुपयांपर्यंत मिळते. व्याज ५ टक्के आणि फेड १८ महिन्यांत. ते नियमित फेडले आणि डिजिटल व्यवहार सुरू केले किंवा १५ दिवसांचे प्रगत प्रशिक्षण घेतले, तर दुसरे कर्ज २ लाखांपर्यंत, ३० महिन्यांसाठी.

आता हिशेब करा. पूर्ण एक लाख घेतले तर महिन्याचा हप्ता साधारण ५,७८० रुपये पडतो. पाहुणे येतील या आशेवर आधी काचेचे दालन बांधले आणि पावसाळ्यात तीन महिने कोणी फिरकलेच नाही, तरी हप्ता थांबत नाही. आमच्या मते पहिल्या कर्जातून कच्चा माल, चांगला उजेड, बसायला बाक आणि जमल्यास स्वच्छतागृह एवढेच करावे. गरज ४० हजारांची असेल तर ४० हजारच मागा.

पैसे फोनवर घेताना

कार्यशाळेत क्यूआर कोड लावला की दोन फायदे होतात. विश्वकर्मा लाभार्थ्याला प्रत्येक पात्र डिजिटल व्यवहारामागे १ रुपया प्रोत्साहन मिळते, महिन्याला जास्तीत जास्त १०० व्यवहारांपर्यंत. रक्कम छोटी आहे, पण हीच नोंद दुसऱ्या कर्जाच्या वेळी उपयोगी पडते. पैसे आले की नाही हे पाहुण्याच्या फोनवरचे चित्र पाहून मानू नका, आपल्या खात्याचा संदेश पाहा. पैसे घेण्यासाठी पिन कधीच टाकावा लागत नाही. कोणी टाकायला सांगितला तर व्यवहार थांबवा. फसवणूक झालीच तर लगेच १९३० या क्रमांकावर तक्रार करा.

नावाचा हक्क

पाहुणा हमखास विचारतो, ‘हे खरे चन्नपट्टणचेच ना?’ याचे कायदेशीर उत्तर म्हणजे भौगोलिक मानांकन, ज्याला आपण जीआय म्हणतो. चन्नपट्टणच्या खेळण्यांना ते मिळालेले आहे. पण मानांकन गावाला किंवा कलेला मिळाले म्हणून तुमचे नाव आपोआप त्यात येत नाही. ‘अधिकृत वापरकर्ता’ म्हणून प्रत्येक कारागिराला स्वतंत्र नोंद करावी लागते. अर्ज जीआय-३ नमुन्यात चेन्नईच्या नोंदणी कार्यालयाकडे जातो. २०२० च्या दुरुस्तीत त्याचे शुल्क ५०० वरून १० रुपयांवर आणले गेले.

कोल्हापुरी चपलेचे मानांकन २०१९ मध्ये मिळाले, आणि त्यात महाराष्ट्रातल्या कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूरबरोबर कर्नाटकातले बेळगाव, धारवाड, बागलकोट आणि विजापूर हे जिल्हेही आहेत. म्हणजे अथणीत चपला शिवणारा कारागीरही हा अर्ज करू शकतो. नोंद झाली की प्रमाणपत्र चौकटीत बसवून किमतीच्या पाटीशेजारी लावा आणि दुसरीकडून आणलेला यंत्रावरचा माल त्या फळीवर ठेवू नका. मानांकनाचे नाव खोटेपणाने वापरणे हा गुन्हा आहे.